सटवाने मोटार हलकी केली

एकोणीसशे शेहेचाळीस सालचा वैशाख. लढाई आदल्या पावसाळ्यात संपली होती आणि घाटाखालच्या खरोशी गावात पहिली मोटार आली होती. त्या गावात एक भोळा गडी राहायचा. नाव सटवा. अंगाने रेड्यासारखा, मनाने दुधासारखा. सांगितलं ते करायचा. सांगितलं तसंच करायचा. घोळ एवढाच, की ते कुठे करायचं हे त्याला उमगत नसे.

मोटार शिदबा मिस्त्रीची. शिदबा लढाईत विमानांच्या कारखान्यात फिटर होता. परतताना सैन्याने मोडीत काढलेली एक मोटार घेऊन आला. वर ताडपत्री, मागे खाली पाडायची फळी. सटवा तिचा क्लीनर. चाकावर त्याचा हात चांगला, म्हणून मिस्त्रीने त्याला चालवायलाही शिकवलं होतं. मिस्त्रीचे हात मोटारीत असायचे आणि तोंड विमानात.

सटवाच्या डोक्यावर एक उपकार होता. दिवाळीच्या सुमारास तो माळ्यावरून पडला आणि पाय मोडला. भागोजी कुंभाराने त्याला गाढवावर घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत लोकांना वाटलं, याची धिंड निघाली आहे. एकाने जुन्या चपलांचा हार आणला. सटवाने मान पुढे करून तो घालूनही घेतला.

पाय बरा झाला. तेव्हापासून भागोजी दिसला की सटवा विचारायचा, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

भागोजी म्हणायचा, "माझ्या हौसाला लग्नाच्या वेळी मोटारीतनं वरंडीला पोचव. बास झालं."

वरंडी घाटाच्या डोक्यावर. हौसाचं सासर तिथलं. लग्न नवऱ्याच्या दारी, गोरज मुहूर्तावर. नवऱ्याचा मामा मोठा कडक. त्याने आधीच बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर नवरी आली तशी परत न्यायची."

मिस्त्री म्हणाला, "मोटार नीट राखली तर घाट चढेल. लक्ष ठेव."

सटवाने लक्ष ठेवलं.

एकदा मिस्त्री रघूच्या चहाच्या टपरीवर सांगत बसला होता. "विमानाचं एक इंजिन असतं सूर्यफुलासारखं. गोल. पाकळीच्या जागी सिलिंडर. त्याला पाणी लागत नाही. उडताना वारा लागतो, त्यानंच थंड होतं."

दुसऱ्या दिवशी सटवाने मोटारीत पाणी घातलं नाही. बाजारापर्यंत जाताजाता मोटार शिट्टी मारायला लागली आणि वाफेत दिसेनाशी झाली.

"पाणी का घातलं नाहीस?"

"वारा होता की, मिस्त्री."

"अरे, ते विमानाचं! आपल्या मोटारीला पाणीच लागतं. तापलं की पाणी घालायचं. कळलं?"

"कळलं. तापलं की पाणी."

तिसऱ्या प्रहरी मिस्त्री पुन्हा टपरीवर टेकला. रघूची चूल धगधगत होती. सटवाने हात लावून पाहिलं. चांगलीच तापली होती. त्याने बादली उचलली आणि ओतली. चूल, चहा आणि मिस्त्रीच्या तोंडातली विडी एकदमच विझली.

"काय केलंस हे?"

"तापलं होतं, मिस्त्री."

"चूल तापायलाच पाहिजे, खुळ्या! बर्फाच्या मुलखात तर विमानसुद्धा आधी तापवतात. इंजिनाखाली शेगडी ठेवतात, वरनं कनात टाकतात. गरम झाल्याशिवाय जागचं हलवत नाहीत. कळलं?"

"कळलं. गरम झाल्याशिवाय हलवायचं नाही."

लग्नाच्या आदल्या सकाळी मिस्त्री म्हणाला, "सटव्या, सायकल काढ. पेट्रोल सांगून येतो."

सटवाने सायकलीच्या चाकांखाली दोन शेगड्या ठेवल्या. वरून घोंगडी टाकली. थोड्या वेळाने दोन बार झाले. लढाई पुन्हा लागली असं वाटून पाटील बाजेखाली गेले. मिस्त्रीने घोंगडी ओढून काढली, त्यात त्याचा उजवा हात भाजला.

सटवा म्हणाला, "झाली गरम. हलवा आता."

मिस्त्री भाजलेल्या हातावर फुंकर घालत खाली बसला. ओरडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"सटव्या, लढाऊ विमान लांब जायचं असलं की पोटाखाली जादा टाकी बांधतं. तिच्यातलं पेट्रोल आधी जाळतं. मग शत्रू दिसला की टाकी खाली सोडून देतं. वजन गेलं की बाणासारखं सुटतं. तू माझी जादा टाकी आहेस. तुला एक दिवस मी असाच सोडणार आहे."

"कळलं. जड झालं की खाली सोडायचं."

"तुला काय कळलं ते मला नको सांगू," मिस्त्री म्हणाला आणि हाताला लोणी लावायला गेला.

लग्नाच्या दिवशी भागोजी पहाटेच निघाला. बोहल्याची मडकी गाढवावर होती आणि मडक्यांना मोटारीचे हिसके सोसत नाहीत. मोटार दुपारी निघाली. मागे हौसा, तिची आई, मावश्या, आत्या, ट्रंका, वळकट्या आणि रुखवताच्या पाट्या. मिस्त्रीचा हात भाजलेला, म्हणून चाक सटवाच्या हाती.

घाटाच्या वरच्या वळणावर मोटार कण्हली. मग उभीच राहिली. तिथेच झाडाखाली भागोजी गाढवाला विसावा देत होता. मडकी उतरवून ठेवली होती.

मिस्त्री म्हणाला, "उतरा सगळे. वजन फार झालंय. पाणीही आटलंय."

त्याने खालच्या झऱ्यावरून एक बादली आणून ओतली. "अजून एक लागेल," म्हणत पुन्हा गेला. बायकाही तहानेने त्याच्या मागे गेल्या. दिवस कलायला लागला होता.

सटवाचे डोळे भरून आले. "काका, मुहूर्त टळला तर तुमचे उपकार राहिले की हो माझ्यावर."

भागोजी आधीच वैतागला होता. "कसले माझे उपकार? तुला वाहून नेलं ते या गाढवानं! फेडायचेत ना? मग त्याचे फेड जा!" असं म्हणून तो मिस्त्रीला घाई करायला झऱ्याकडे पळाला.

सटवा विचार करत उभा राहिला. भागूकाका मोठा माणूस. खोटं कशाला बोलेल? आपण इतके दिवस भलत्यालाच विचारत होतो.

त्याने मोटारीत डोकावलं. माणसं उतरलीच होती. ट्रंका खाली सोडल्या. वळकट्या सोडल्या. रुखवत सोडलं. जादा चाक सोडलं. मग मागची फळी पाडली, गाढवाला अदबीने वर घेतलं, ऊन लागू नये म्हणून ताडपत्री ओढली आणि मोटार चालू केली.

मोटार बाणासारखी सुटली. मागून आरडाओरडा ऐकू आला. शत्रू दिसला असणार, असं समजून सटवाने अजून जोर दिला. शिदबाची मोटार त्या दिवशी जशी घाट चढली, तशी पुढे कधी चढली नाही.

वरंडीच्या शिवेवर सगळे सामोरे आले होते. मोटार दिसताच सनई सुरू झाली. मामा पुढे झाला.

"वेळेवर आलात! आत बसवून आणलंय ना नीट?"

"उभं राहून आलं," सटवा म्हणाला. "बसा म्हटलं तर बसेना."

"लाजत असेल. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. एकट्याचाच मान आहे."

मामाला हे चमत्कारिक वाटलं. पण दिवस मावळतीला चालला होता. सवाष्णींनी चाकांवर पाणी ओतलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. नवऱ्याच्या आत्याने ताडपत्रीखालून हात घालून कुंकू लावलं.

"कपाळ अंमळ लांब आहे गं," ती हळूच म्हणाली.

"असू दे. भाग्याचं असतं," दुसरी म्हणाली.

"लवही बरीच आहे."

"हळदीनं जाईल."

तेवढ्यात आतून उत्तर आलं. ते ऐकून सनईवाल्याची सनई तोंडातच राहिली. मामाने ताडपत्री वर केली आणि तशीच धरून उभा राहिला.

पायवाटेने हौसा धावत आली. लुगडं खोचलेलं, केस सुटलेले. तिच्या मागे भागोजी, डोक्यावर मडकी घेऊन. त्याच्या मागे मिस्त्री, भरलेली बादली घेऊन. दिवस अजून कासराभर वर होता. मुहूर्त टळला नव्हता.

मामाने नवरीकडे पाहिलं. मग गाढवाकडे पाहिलं. गाढवाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"भागोजी, हे काय आहे?"

भागोजीने सटवाकडे बोट केलं.

सटवाला कोणाकडे बघायला सवड नव्हती. त्याने फळी पाडली. गाढवाला धरून सावकाश खाली उतरवलं. मग वाकून त्याच्या चारही पायांना हात लावला.

"फिटलं," तो म्हणाला.