अप्पा डोंगर उतरले

"अप्पा, मेल्यावर थकवा जातो का?"

शांतलिंगअप्पा मठाच्या ओसरीवर सुपात तूरडाळ निवडत बसले होते. विचारणारा गुरुसिद्ध चौदा वर्षांपासून त्यांचा शिष्य. मठाचा नावाजलेला प्रवचनकार. आसपासच्या तीस गावांतली माणसं त्याला ऐकायला यायची. कुठल्याही शंकेला त्याच्याकडे उत्तर असायचं, आणि ते असतं हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

"हे कुणी विचारलं?"

"असंच. चर्चेसाठी."

अप्पांनी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"गुरुसिद्धा, तुला मरावंसं वाटतंय का?"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं...

"हो," तो म्हणाला. आपण हे बोललो कसे, हे त्यालाच कळेना.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"रोज?"

"रोज. आता तर दिवसही ठरवलाय."

अप्पा त्याच्याजवळ सरकले. आता वचन येणार, दाखला येणार, म्हणून गुरुसिद्ध वाट पाहत राहिला. काहीच येईना, तेव्हा तोच बोलू लागला.

"देह म्हणजे देवाचं घर, असं मी प्रवचनात सांगतो. लोकांचे डोळे भरून येतात. मला मात्र काहीच वाटत नाही. जेवताना नाही, पूजेतही नाही. बरं, कुणी गेलं म्हणावं तर तसंही नाही. कशानं होतंय तेच समजत नाही... मी काय करू, अप्पा?"

"मला माहीत नाही."

गुरुसिद्ध चमकला. मग त्याला राग आला.

"चौदा वर्षं तुमच्या पायाशी बसलो. आणि तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"तुम्हाला कधी असं..."

"वाटायचं. दोन वर्षं वाटत होतं."

"मग काय केलंत?"

"कुणालाच सांगितलं नाही. ते चुकलं माझं."

अप्पा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, गुरुसिद्धाचं मनगट धरलं आणि पायऱ्यांकडे निघाले. स्वयंपाकघरातून महानंदाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि तिथेच थबकल्या. एकोणीस वर्षांत अप्पांनी डोंगराखाली पाऊल ठेवलं नव्हतं. तसं व्रतच होतं त्यांचं. सख्खी बहीण गेली तेव्हाही ते उतरले नव्हते.

"अप्पा, तुमचं व्रत..." गुरुसिद्ध म्हणाला.

"खाली बघून चाल. पायरी सुटलीय."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अप्पांनी स्वतः रांगेत उभं राहून केसपेपर काढला. मनाच्या डॉक्टरीणबाई बसायच्या त्या खोलीबाहेर एक बाक होता. दोघं त्यावर टेकले. गुरुसिद्धाने उपरणं कपाळापर्यंत ओढून घेतलं. तरी ओळखणाऱ्याने ओळखलंच. बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस उठून त्याच्या पाया पडला. तो मन्मथ शिंपी. मागच्या श्रावणात त्याच्याच गावात गुरुसिद्धाने मरणाच्या भयावर सात दिवस प्रवचन केलं होतं.

"महाराज, तुम्ही इथं?"

"अप्पांना दाखवायला आणलंय."

अप्पांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तेवढ्यात नर्सने दारातून पुकारलं, "गुरुसिद्ध स्वामी. त्यांच्यानंतर मन्मथ शिंपी."

गुरुसिद्धाला जमीन दुभंगावी असं झालं. त्याने मन्मथकडे पाहिलं. मन्मथ हसला नाही, की नजर चुकवून बसलाही नाही.

"आठ महिने येतोय मी," तो हळूच म्हणाला. "बाई चांगल्या आहेत. घाई करत नाहीत."

"आठ महिने... तेव्हा प्रवचनाला होतास ना तू?"

"सातही दिवस होतो, महाराज."

गुरुसिद्धाला आणखी काही विचारायचं होतं. पण नर्स दार धरून उभी होती. तो आत गेला. अप्पाही मागोमाग गेले.

डॉक्टरीणबाईंनी अप्पांचाच प्रश्न विचारला, तितक्याच सरळ. या वेळी उत्तर लवकर आलं. मग त्या बराच वेळ विचारत राहिल्या. झोप, भूक, ठरवलेला दिवस, सगळंच. शेवटी म्हणाल्या, "यांना एकटं ठेवायचं नाही. सोबत कोण राहील?"

"मी," अप्पा म्हणाले. "माझ्याच खोलीत निजेल तो. गोळ्या महानंदाबाई देतील, त्यांच्याच ताब्यात राहतील."

"प्रवचनं?" गुरुसिद्धाने विचारलं.

"मी करीन. वाईट करतो, पण करीन."

"परवा दाखवायला आणा. पण मन पुन्हा तिकडे ओढू लागलं, तर परवापर्यंत थांबू नका. अर्ध्या रात्रीही या. इथं कुणी ना कुणी असतं," बाई म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा ऊन कडक झालं होतं. मन्मथने बाकावरूनच हात जोडले, आणि गुरुसिद्धाचेही हात आपोआप जोडले गेले. दोघं एसटी स्टँडवर येऊन उभे राहिले. हलकं वाटतंय की नुसतंच दमल्यासारखं, हे गुरुसिद्धाला ठरवता येईना. मरावंसं वाटणं गेलं नव्हतं. ते होतं तिथंच होतं... फक्त आता ते त्याच्याखेरीज आणखी दोघांना माहीत होतं. यात काय फरक पडला, हे त्याला सांगता आलं नसतं. पडला होता एवढं मात्र खरं.

"अप्पा," तो म्हणाला, "मला अजून काहीच कळलेलं नाही."

अप्पा डोळे बारीक करून येणाऱ्या गाडीची पाटी वाचत होते.

"मलाही नाही," ते म्हणाले. "परवा परत यायचंय."