पालीची 'चूक'

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल संपते आणि पहिले कौलारू घर लागते, त्या घराच्या माळ्यावर एक पाल राहत असे. प्राणी आपापसात सगळे काही बोलत, पण माणसांच्या कानापर्यंत पालीचा एकच शब्द पोहोचे : "चूक!" हा शब्द ती उगाच वापरत नसे. खाली कुणी चुकीचे बोलले, की मात्र तिला राहवत नसे. ती लगेच ओरडे, "चूक! चूक! चूक!"

घर गुंडोपंतांचे होते. गुंडोपंत खूप शिकलेले होते. प्रत्येक गोष्टीचे कारण त्यांच्याकडे बसल्या जागी तयार असे. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई कमी बोलत. दोघांचाही एक समज होता, आणि मुलांनो, तो कदाचित तुमच्याही घरात असेल : आपण बोलत असताना पाल चुकचुकली, तर आपले बोलणे खरे. म्हणजे पाल ओरडे "चूक", आणि हे जमिनीवर बोट टिचकवून म्हणत, "सत्य आहे!"

पुष्कळ दिवस त्याने कुणाचे काही बिघडले नाही. मग माळ्यावर उंदीर आले.

परसातल्या पेरूची एक फांदी वाढून कौलांना टेकली होती. त्या फांदीवरून एक थोराड उंदीर आपला कुटुंबकबिला घेऊन आला आणि वळचणीच्या दोन बोटे रुंद भोकातून आत शिरला. आत भुईमुगाच्या शेंगांचे पोते होते. आणि एका वाशामागच्या फटीत पालीची दोन अंडी होती, वाटाण्याएवढी, पांढरी. उंदराने ती पहिल्याच दिवशी हेरली.

"दोनच?" तो म्हणाला. "असू दे. आधी शेंगा संपवू. मग तोंडी लावायला होतील."

त्या संध्याकाळी अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, माळ्यावर खुडबुड होतेय."

"वारा असेल," गुंडोपंत पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले.

"चूक! चूक!" पाल ओरडली.

"बघ, पाल चुकचुकली. वाराच."

दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या फटीतून काळे, तांदळाएवढे दाणे खाली पडले. "वर काळं जिरं सांडलं असेल," गुंडोपंत म्हणाले. "चूक!" पाल म्हणाली. "सत्य आहे!" गुंडोपंतांनी बोट टिचकवले. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या कडेने, वर आढ्याकडे जाणारा एक तेलकट काळा पट्टा दिसला. गुंडोपंतांच्या मते तो चुलीचा धूर होता. चौथ्या दिवशी माळ्यावरच्या दिव्याची वायर कुरतडली गेली, ठिणगी उडाली आणि दिवा गेला. गुंडोपंत म्हणाले, "वाळवी." वाळवी वायर खाते! शिकलेला माणूस म्हणाला हो हे! पाल इतकी ओरडली की तिचा गळा दुखू लागला, आणि गुंडोपंत बायकोला म्हणाले, "तीन वेळा चुकचुकली गं. आता तर शंकाच नको."

पाल चिडून भिंतीवरून सरसर खाली उतरली. घरची मांजर ओसरीवर उन्हात पडली होती.

"तू तरी वर चल," पाल म्हणाली. "माझी अंडी आहेत तिथं."

मांजरीने मिशीवरचे दूध चाटले. "अगं, मुलं मला मनीमावशी म्हणतात आणि त्याला उंदीरमामा. म्हणजे मी बहीण आणि तो भाऊ. भावावर पंजा उगारू का मी?"

"मग परवा शेजारच्या गोठ्यात खाल्लास तो कोण होता?"

"तो लांबचा होता," मांजर म्हणाली आणि तिने कूस बदलली.

पाल परत माळ्यावर आली तेव्हा फटीत एकच अंडे होते. दुसऱ्याचे कवच वाशाखाली पडले होते.

"राहवलं नाही," उंदीर मिशा पुसत म्हणाला. "जरा कमीच भरलं, पण चव बरी होती."

"चोरा! हलकटा! मी ओरडेन. गळा फुटेपर्यंत ओरडेन!"

"ओरड की, ताई," उंदीर हसला. "तू तर आमची राखणदार! तू ओरडलीस की खालचे निर्धास्त होतात. एवढी चांगली सोय आम्हाला कुठल्याच घरात मिळाली नव्हती. उद्या शेंगा संपतील. मग हे दुसरंही नेतो."

पाल अंड्याजवळ दबून बसली. तिला उंदराचा राग आला. मांजरीचा आला. गुंडोपंतांचा तर इतका आला की त्यांच्या टकलावर जाऊन पडावे असे तिला वाटले. पण सगळ्यांत जास्त राग तिला आपल्या शब्दाचा आला. शब्द खरा होता, वेळेवर होता, आणि तोच चोराच्या उपयोगी पडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडोपंत जेवायला बसले. वरून शेंगांची टरफले पडली ती थेट त्यांच्या आमटीत.

"वारा," गुंडोपंत म्हणाले, आणि जमिनीवर टिचकवायला त्यांनी डाव्या हाताचे बोट पुढे केले.

पालीने जबडा घट्ट मिटून घेतला.

गुंडोपंत थांबले. त्यांनी वर पाहिले. "नाहीतर... कौलांवरून वानर गेलं असेल."

वर शांतता.

"आज पाल बोलत कशी नाही?" ते म्हणाले. त्यांचे बोट तसेच अधांतरी राहिले.

इतके दिवस गप्प बसलेल्या अनसूयाबाईंनी आमटीचा डाव पातेल्यात आपटला. "वारा शेंगा सोलून खातो का हो? आणि वानर गेलं तर कौलं वाजत नाहीत? काळं जिरं म्हणे! जिऱ्याला असा वास येतो? उंदीर झालेत वर. उंदीर!"

हे खरे होते, अगदी शंभर टक्के खरे. आणि माणसांना ऐकू जाणारा पालीचा शब्द तर एकच होता. आजवर तिने तो खऱ्या बोलण्यावर कधी उच्चारला नव्हता. तिने वाशामागच्या अंड्याकडे पाहिले. उंदीर तिकडेच निघाला होता.

"चूक!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"सत्य आहे!" अनसूयाबाई कडाडल्या. "ऐकलंत? उठा. हात धुवा आणि शिडी लावा."

तिने केले ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही ठरवा. गुंडोपंत मात्र त्या घरात पहिल्यांदाच बॅटरी घेऊन शिडीवर चढले. उजेड पडताच उंदीर अंडे सोडून पळाला. लेंड्या दिसल्या, कुरतडलेली वायर दिसली, फाटलेले पोते दिसले, भोक दिसले. त्याच दुपारी पेरूची फांदी तोडली. उरलेल्या शेंगा पत्र्याच्या डब्यात गेल्या. पिंजऱ्यात कांद्याची भजी लावली आणि पहिल्याच संध्याकाळी तो थोराड उंदीर आत सापडला.

पाल पिंजऱ्याच्या वर येऊन बसली. "दोनच भजी?" तिने विचारले. "असू दे. तोंडी लावायला होतील."

एकेक करून बाकीचेही सापडले. ताज्या लेंड्या दिसेनाशा झाल्यावर अनसूयाबाईंनी काचेचे तुकडे आणि सिमेंट कालवून भोक बुजवून टाकले. पुढे उरलेल्या अंड्यातून एक पिल्लू बाहेर आले. दुसऱ्या अंड्याची जागा रिकामीच राहिली.

काही दिवसांनी शेजारी आले. गुंडोपंत त्यांना म्हणाले, "माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. म्हटलं, हे उंदीरच."

"चूक! चूक! चूक!" पाल जीव तोडून ओरडली.

गुंडोपंतांनी जमिनीवर बोट टिचकवले. "पाहिलंत? पालसुद्धा तेच सांगतेय."

तात्पर्य : ज्याला 'चूक' हा शब्दही होकार वाटतो, त्याला खरे कळावे म्हणून दुसऱ्याला खोटे बोलावे लागते, म्हणून माळ्यावर खुडबुड ऐकू आली, तर शकुन पाहत बसू नये, शिडी लावून वर पाहावे.