तड्याच्या पुढ्यात

एका राज्यात गुणवंती नावाची राणी होती. तिची जीभ तलवारीहून धारदार. तिची लेक लोलावती, हिला कालभृंग जादूगारानं मागणी घातली. राणी म्हणाली, "आधी तोंड धुऊन ये."

जादूगार चिडला. त्यानं लोलावतीची काच केली. डोळे हलत, ओठ बोलत, बाकी नुसती काच. आणि टाचेला केसाएवढा तडा.

"हा काळजाला भिडला की तुझ्या लेकीचे तुकडे," तो म्हणाला. "असेच तडे तुझ्या अंगणातल्या रांजणाला आणि गडाच्या कड्यालाही दिलेत. तिन्ही थांबले तर शाप सुटेल."

राणी निघाली. सोबतीला तिचा बोलका सुतारपक्षी.

रांजणाचा तडा वाकडातिकडा चालला होता. मातीत वाळूचा खडा आडवा आला की वळसा घेई, धापा टाकी. राणीनं रांजण उपडा केला. पाण्याचा भार गेला, तडा एका खड्याशी अडून बसला तो बसलाच.

कड्याचा तडा दगडाच्या शिरेतून धावत होता. वाटेत दगडात गोल भोक लागलं. तडा आत शिरला, पलीकडे निघालाच नाही.

"मेला का रे?"

"टोक गेलं त्याचं, राणीसाहेब. टोकाशिवाय तडा चालत नाही."

"हे नशीब झालं, माझं कर्तब नव्हे," म्हणत राणी घरी पळाली.

काचेत ना खडा, ना भोक. तडा सरळ, सुसाट, मांडीवर चढलेला.

"मी चोच मारली तर फुटेल," पक्षी म्हणाला. "घासून भोक पाडा. तड्याच्या अगदी पुढ्यात."

"पोटच्या पोरीला भोक पाडू?"

"नाहीतर तुकडे भरायला सूप आणा."

राणीनं नाकातली हिऱ्याची चमकी उपसली.

"आईसाहेब, दुखेल?"

"दुखेल. हलू नकोस."

काच तापून तडकू नये म्हणून पक्षी चोचीनं पाणी सोडी, राणी हिरा फिरवी. काचेचा भुगा पडू लागला. भोक आरपार झालं आणि तडा येऊन त्यात पडला. गोल गोल फिरला. पुढं घुसायला कोपराच सापडेना. थांबला.

तिकडे कालभृंगाची जादू आटली. साधा म्हातारा होऊन तो वाट विचारत शिवेपार गेला.

इकडे लोलावतीच्या मांडीवरून लाल थेंब ओघळला. "आई गं!" ती किंचाळली.

लेकीचं रक्त बघून कुठली आई हसते? गुणवंती हसली. मटकन खाली बसली, पदरानं जखम दाबून धरली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली.