मागे वळून पाहणारा गडी

"पण भाई, पाच मिनिटं त्याला खेळताना बघायला काय हरकत आहे?"

इलाहीभाई मैदानाच्या मातीत उकिडवे बसून खडे वेचत होते. वेचलेला खडा घमेल्यात टाकायचा आणि हातभर पुढं सरकायचं. वय एक्याऐंशी. धामणवाडीच्या त्या मैदानावर त्यांनी पन्नास वर्षं कबड्डी शिकवली होती.

विचारणारा शिवदास कणसे त्यांचाच शिष्य. बारा वर्षं राज्याकडून खेळला, आणि आता लीगमधल्या एका व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. खेळाडू हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं वर्तमानपत्रं लिहीत. तसं छापून आलं की शिवदास ते कापून ठेवत असे.

त्या वर्षीच्या निवडीत त्याच्या संघाने पहिल्याच फेरीत एक कॉलेजचा मुलगा उचलला होता. सोपान वीरकर, वय वीस, विद्यापीठाचा कर्णधार. कॉलेजच्या मैदानांवर त्याच्या चढाया बघायला लोक झाडांवर चढून बसत. पण कॉलेज वेगळं आणि लीग वेगळी. पहिल्या सामन्यापासून संघाची मुख्य चढाई या पोराच्या हाती द्यायची, की अनुभवी गड्यामागे त्याला वर्षभर बसवून ठेवायचं? संघमालकांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

म्हणून शिवदास सोपानला गाडीत घालून भल्या सकाळी इथं आला होता.

"त्याच्या दोनशे बारा चढाया मी तपासल्यात, भाई. उजव्या पायाची पोच, दम किती टिकतो, पकडीतून किती वेळा सुटला... सगळं आहे माझ्याकडे."

"मग?"

"तरीही कळत नाही. मोठ्या गड्यांसमोर हा टिकेल का?"

"तू बघितलायस. मी कशाला बघू?"

"तुमची नजर वेगळी आहे."

इलाहीभाईंनी घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.

"खडं येच."

शिवदास पँट सावरत खाली बसला. सोपान कडेला अवघडून उभा होता. तोही पुढं होऊन बसला. तिघंही खडे वेचू लागले.

ऊन मैदानावर उतरलं, तेव्हा रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. तिशीतला एक माणूस उतरला, चप्पल कडेला काढून मैदानात आला आणि भाईंच्या पायांना हात लावून उभा राहिला.

मग त्याने शिवदासकडे पाहिलं.

"नमस्कार, सर."

शिवदासने मान हलवली. चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना.

"गजानन मोटे," इलाहीभाई म्हणाले. "नऊ वर्षांमागं तूच न्हेला होतास."

शिवदासला आठवलं. हाही असाच कॉलेजमधून आला होता, हाही त्यानेच हेरलेला. दोन सामने खेळवला, दोन्ही सामन्यांत पुन्हा पुन्हा पकडला गेला, आणि शिवदासने त्याला बसवलं. हंगाम संपल्यावर अहवालात दोनच शब्द लिहिले होते. मनाने कच्चा. नंतर त्या मुलाचं काय झालं, हे शिवदासने कधी विचारलं नव्हतं. गावात दूध संकलन केंद्र चालवतो, हे त्याला आत्ता कळत होतं.

"गजा," इलाहीभाई म्हणाले, "एक चढाई टाक. हे दोघं पकडीला उभं ऱ्हातील."

"भाई, आता कुठं..."

"टाक."

शिवदासने बूट काढले. मनातून त्याला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. पण भाईंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तो उजवीकडे उभा राहिला, सोपान डावीकडे.

गजाननने मध्यरेषेवरची माती कपाळाला लावली आणि दम घुमवत आत आला.

पुढं जे झालं ते शिवदासला नीट सांगता आलं नसतं. गजानन त्याच्याकडेच सरळ चालून आला. शिवदास वाकला, हात पसरले, आणि त्या क्षणी गजानन तिथं नव्हता. डावीकडे सोपानच्या नडगीवर पायाचा अंगठा टेकल्याचा बारीक आवाज झाला. सोपान झेपावला तेव्हा गजानन रेषेपलीकडे पाठमोरा उभा होता. दम अजून चालूच होता. मग त्याने तो सोडला.

सोपान आपल्या नडगीकडे बघत राहिला.

शिवदास गजाननजवळ गेला.

"हे... तेव्हाही होतं तुझ्यात?"

"होतं, सर."

"मग त्या दोन सामन्यांत काय झालं?"

गजाननने भाईंकडे पाहिलं.

"सांग," भाई म्हणाले.

"रेषा ओलांडली की माझी मान आपोआप मागं वळायची, सर. राखीव बाकावरनं तुम्ही कुणाला उठवताय का, ते बघायला. समोरचे सात गडी मला दिसायचेच न्हाईत."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसापाण्याचं सांगावं तसं तो सांगत होता.

"मला येऊन सांगायचंस."

"आलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही नमस्कार घेतला न्हाई... मग परत गेलो."

शिवदासला ती सकाळ आठवत नव्हती. कितीही ताण दिला तरी आठवत नव्हती. आणि समोरच्या माणसाला ती नऊ वर्षं आठवत होती.

गजाननने चप्पल घातली. दुधाची वेळ झाली होती. जाताना त्याने सोपानच्या पाठीवर हात ठेवला.

"पाय लागला जोरात?"

"नाही, दादा."

मोटरसायकल गेली.

शिवदासने बूट घातले. मग भाईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे माझी पारख चुकली. मान्य. पण सोपानचं सांगा. हा टिकेल?"

"मी त्या पोराबद्दल बोललोच न्हाई."

"मग?"

इलाहीभाईंनी मूठभर माती उचलली, बोटांतून खाली सोडली.

"किती सामनं देनार त्याला?"

"ते... परिस्थिती बघून ठरवावं लागेल, भाई. पहिले दोन-तीन सामने बघू. मग..."

बोलता बोलता शिवदास थांबला.

पाच हात अंतरावर पुन्हा खडे वेचत बसलेल्या सोपानने मान वळवली होती. बोटांत खडा तसाच होता आणि तो शिवदासच्या तोंडाकडे बघत होता. दोनशे बारा चढायांत ती नजर शिवदासने एकदाही पाहिली नव्हती.

इलाहीभाई पुन्हा खडे वेचू लागले...

परतीच्या रस्त्यावर तीस किलोमीटर गेल्यावर शिवदासने गाडी कडेला घेतली.

"सोपान, यंदाचे सगळे सामने तू खेळणार आहेस."

"सगळे?"

"सगळे."

"हरलो तर, सर?"

"तरी."

सोपानने मान हलवली. पण त्याचा विश्वास बसलेला नाही, हे शिवदासला दिसत होतं. तसा शिवदासचा स्वतःचाही कुठं बसला होता.

पहिल्या सामन्यात सोपान सात वेळा आत गेला आणि पाच वेळा पकडला गेला. दुसऱ्या सामन्यात दोन गडी मिळाले. तिसऱ्यात एकही नाही. चौथ्या सामन्याला प्रेक्षक जुन्या चढाईपटूच्या नावाने ओरडू लागले, आणि तो जुना गडी राखीव बाकावर शिवदासच्या शेजारीच बसलेला होता, गुडघे हलवत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, कणसेंची नजर गेली. ते कात्रण त्याने ठेवलं नाही.

प्रत्येक चढाईला रेषा ओलांडली की सोपानची मान वळायची. सगळ्या स्टेडियममध्ये ते फक्त शिवदासला दिसत होतं.

चार सामने हरल्यावर मालकांनी बोलावून घेतलं.

"कणसे, पोरगं चांगलं आहे, पण वेळ लागणार. त्याला बसवा."

"मी त्याला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय. संघ आमचा आहे."

शिवदासने त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून राजीनामा लिहिला. खाली सही केली, तारीख मोकळी सोडली.

"त्याला बसवाल त्या दिवसाची तारीख टाका."

मालकांनी कागद वाचला. मग तो त्यांनी खणात ठेवला.

पाचव्या सामन्यात सोपान पहिल्याच चढाईत घोट्याला धरला गेला. दुसऱ्यांदा कमरेला. शिवदासचा हात आपोआप उठू लागला, शेजारच्या गड्याला खूण करायला. वीस वर्षांची सवय. मालकांना त्याने काहीही लिहून दिलेलं असो, हात उठतच होता. त्याने दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिला.

तिसऱ्या चढाईला जाताना सोपानची मान वळली. त्याला प्रशिक्षक दिसला, शाळेतल्या पोरासारखा हातांवर बसलेला. सोपान क्षणभर बघत राहिला. मग त्याने तोंड समोर केलं...

त्या चढाईत तो पकडलाच गेला. पण सुटण्यासाठी पहिल्यांदाच रेषेपर्यंत घासत आला.

आठव्या सामन्यात त्याने तीन गडी एका चढाईत टिपले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्याची मान मागे वळलेली शिवदासने पाहिली नाही. संघ सहावा आला. कुणी हार घातले नाहीत, मिरवणूक निघाली नाही. मालकांनी खणातला कागद परत दिला आणि पुढच्या वर्षी कर्णधार कोण, ते विचारलं.

शिवदास धामणवाडीला गेला. आधी दूध संकलन केंद्रावर थांबला. गजानन वही बाजूला ठेवून उठला. दहा वर्षांमागं त्या सकाळी जे करायला हवं होतं, ते शिवदासने केलं. त्याने हात जोडले.

"नमस्कार, गजानन."

गजाननने स्टूल पुसलं आणि चहा सांगितला. दोघांनी चहा घेतला. मध्येच गजाननने विचारलं, "त्या पोराची नडगी बरी झाली का?" आणि दोघंही थोडं हसले. निघताना शिवदासने सांगितलं की पुढच्या हंगामात चढाई शिकवायला त्याला माणूस हवा आहे. घाई नाही, विचार कर. गजानन वाटेपर्यंत सोडायला आला.

इलाहीभाई घरासमोर बाजेवर उन्हाला बसले होते. वर्षभरात डोळे फार मंद झाले होते. पावलांच्या आवाजावरून त्यांनी विचारलं, "शिवदास?"

"हो, भाई."

तो खाली जमिनीवर बसला. सगळा हंगाम त्यांना सांगायचा असं ठरवून आला होता. कागद, तारीख, मांड्यांखाली घातलेले हात. भाईंचा हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला आणि तिथंच थांबला...

"भाई," शिवदास शेवटी एवढंच म्हणाला. "टिकला."

म्हाताऱ्याने मान थोडी कलती केली.

"कोन? पोरगं, का तू?"