धामणटेकची तहकूब सभा

“…आणि गणपूर्तीच झाली नाही, तर ठराव होणार कसा, सर?”

प्रणोती घोलपने प्रश्न विचारला खरा. पण तिला उत्तर नको होते. शाबासकी हवी होती.

बाबर सर फळा पुसत होते. तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला ते ‘राज्य आणि स्थानिक शासन’ हा विषय शिकवीत. विद्यार्थी त्याला सोपा पेपर म्हणत. सर त्यावर कधी काही बोलत नसत.

“कुठली गणपूर्ती?” त्यांनी पाठमोरेच राहून विचारले.

“आमच्या ग्रामसभेची. धामणटेकच्या.”

“सांग.”

तिने सांगितले. गावामागच्या टेकडीवर खडीक्रशर बसवण्याचा घाट चालला होता. टेकडीच्या पोटात झरा. अर्धे गाव त्याच झऱ्याचे पाणी भरते. सुरुंग लागले की झरा कुठे वळेल, याचा नेम नाही. क्रशरवाल्याला ग्रामसभेचा ना-हरकत ठराव हवा होता, आणि सरपंच दौलतराव तो देण्यास उतावीळ झाले होते. त्यासाठीच काल सभा होती.

“सभेला ठरलेले मतदार हजर नसले, तर सभा चालवता येत नाही. तुम्हीच शिकवलंत. मग मी काय केलं, माहितीये? घरोघर फिरले. ज्यांचा क्रशरला विरोध, त्या प्रत्येकाला सांगितलं, सभेला फिरकायचंसुद्धा नाही. बायका दारं लावून बसल्या. मेंढरंवाले रानात गेले. मारुतीच्या देवळात सरपंच आणि त्यांची माणसं, बस्स. ग्रामसेवक डोकी मोजून मोजून दमले!”

“मग?”

“मग काय, सभा तहकूब! दौलतरावांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.”

“कसं होतं?”

“पडलेलं.”

“नीट आठव.”

प्रणोती आठवू लागली. खिडकीतून ती देवळाकडे बघत होती, तेव्हाचे.

“खरं म्हणजे…” ती जरा थांबली. “हसत होते. सगळ्यांना चहा सांगत होते.”

सरांनी डस्टर खाली ठेवले.

“तहकूब झालेली सभा पुन्हा कधी भरणार?”

“आज दुपारी. भरू दे की! आजही कुणी जाणार नाही, मी बजावून ठेवलंय. रोज तहकूब झाली तरी चालेल आम्हाला.”

टेबलावरचे कायद्याचे पुस्तक उघडून सरांनी तिच्यापुढे सरकवले.

“पुढचं पोटकलम वाच.”

“मला पाठ आहे, सर.”

“पाठ आहे ते याच्या मागचं.”

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. “गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस…”

पुढचे शब्द तिने मनात वाचले. मग पुन्हा वाचले.

तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की तिला गणपूर्तीची गरज नव्हती. जेवढे येतील तेवढ्यांची सभा. आणि येणार होते ते सगळे दौलतरावांचे.

शेजारच्या वर्गात कोणीतरी बाक ओढीत होते…

“काल त्यांना माणसं नकोच होती,” ती हळू म्हणाली. “म्हणून चहा. त्यांचं काम मीच करून दिलं.”

तिने पुस्तक फाटकन मिटले.

“ही सरळ सरळ फसवणूक आहे, सर!”

“छापील आहे.”

“म्हणून काय झालं? छापलं म्हणजे न्याय झाला का? तुम्ही चला. आत्ता. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.”

“माझं नाव तिथल्या मतदार यादीत नाही.”

“मग दोन ओळी लिहून द्या. तज्ज्ञाचं मत म्हणून.”

“तज्ज्ञ काल घरोघर फिरून आले.”

प्रणोतीचे कान लाल झाले. चाचणीत वर्गात पहिली आलेली मुलगी ती. असा टोमणा तिला आजवर कोणी मारला नव्हता.

“टोमणे मारणं सोपं असतं, सर. मी निदान काहीतरी केलं. तुम्ही इतकी वर्षं फळा भरता आणि पुसता. मी माझी माणसं आता गोळा करून दाखवते.”

तिने तिथल्या तिथे हौसाकाकूंना फोन लावला. झऱ्यावर जाणाऱ्या बायका काकूंच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

“काकू, ऐका ना. आज सभेला जायचंय. सगळ्यांनी. अगदी सगळ्यांनी.”

पलीकडचा आवाज रिकाम्या वर्गात स्पष्ट ऐकू आला.

“का गं? काल म्हनलीस घरात बसा, तर बसलो. आज म्हनतीस चला. उद्या म्हनशील कोंबड्यावानी डालग्यात शिरा. आमी काय तुझी मेंढरं हाय?”

“काकू, कालचं माझं जरा—”

“तुजं तू निस्तर. शेंगा फोडाया बसल्याती बाया. ठेव.”

फोन बंद झाला.

सर डोक्याची टोपी काढून तिची घडी नीट करीत होते.

“कुणी येणार नाही,” प्रणोती म्हणाली.

“तू?”

“मी एकटी जाऊन काय करू? तिथं सगळे त्यांचेच. ठराव होणारच.”

“होईल.”

“मग?”

सरांनी टोपी घातली. ते मधल्या वाटेने चालत गेले, शेवटच्या बाकावर बसले आणि विद्यार्थ्यासारखा एक हात वर केला.

प्रणोती मागे वळली.

“काय, सर?”

हात वरच राहिला.

घंटा झाली. पुढच्या तासाची मुले हसतखिदळत आत शिरली आणि दारातच अडखळली. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. “सरांना काय विचारायचंय का रे?” कोणीतरी फिसकन हसले. मग तेही थांबले. सगळा वर्ग उभ्या उभ्या त्या एका हाताकडे पाहत राहिला.

प्रणोतीला ते असह्य झाले.

“असा किती वेळ ठेवणार आहात हात?”

“कुणीतरी मोजेपर्यंत.”

ती क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहत राहिली. मग पिशवी खांद्याला अडकवली आणि येते असेही न म्हणता धामणटेकला जाणाऱ्या वडापच्या जीपगाड्या लागतात त्या कोपऱ्याकडे निघाली.

*

धामणटेकच्या सभेत कोणी हात वर करीत नसे. तशी रीतच नव्हती. सरपंच विषय वाचीत आणि “मंजूर ना?” म्हणून विचारीत, सतरंजीवरून दोन-चार जण खाकरत, एखादा “मंजूर, मंजूर” म्हणे, आणि ग्रामसेवक लिहीत, सर्वानुमते मंजूर. कोणी काय म्हटले, हे कोणाला सांगावे लागत नसे.

त्या दुपारी दौलतरावांनी टेकडीचा विषय वाचला. “मंजूर ना?”

प्रणोतीने हात वर केला.

“ही कशाला आली?” कोणीतरी पुटपुटले.

“काय गं, शाळंतल्यावानी हात केलास? बाहेर जायाचं हाय का?”

सतरंजी हसली.

“माझा विरोध आहे,” ती म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिने तेच पुन्हा म्हटले. “विरोध आहे. मोजा.”

तिचे चुलते आण्णा पुढेच बसले होते. ते मागे वळले. “हात खाली घे. चार मान्सांत घराची शोभा करू नगंस.”

“आण्णा, तुम्ही बाजूनं हात वर करा. मी तुम्हाला अडवत नाही.”

“बघा, कालेजात हेच शिकिवत्यात!”

दौलतरावांनी सगळ्यांना हाताने शांत केले. त्यांचा स्वर मऊ होता. “पोरी, झालं तुझं? आता बस. ग्रामसेवक, लिहा, सर्वानुमते.”

“मी इथं आहे, यादीत नावही आहे माझं,” प्रणोती म्हणाली. “मी असताना सर्वानुमते लिहिता येणार नाही.”

ग्रामसेवकांनी पेनाचे टोपण लावले. “सरपंच… विरोध आला म्हटल्यावर हात मोजावे लागतील.”

“मग मोजा की! त्यात काय? बाजूनं कोण कोण? करा हात वर.”

आणि तेव्हा सतरंजीवरच्या नजरा दाराकडे वळल्या.

घोलपांची पोरगी देवळात एकटीच हात वर करून उभी आहे, ही बातमी एव्हाना गल्लीत पोहोचली होती. शेंगा टाकून बायका पाहायला आल्या होत्या. देवळाबाहेरच्या पारावर त्या उभ्या होत्या. कोणी ओरडत नव्हते, कोणी काही मागत नव्हते. हौसाकाकूंच्या ओच्यात अजून टरफले होती.

सतरंजीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. खाकरणे सोपे होते. हात ज्याचा त्याचा दिसत होता.

एकाने हात उचलला. पारावरच्या बायकोची नजर त्याला दिसली, आणि त्याच हाताने तो डोके खाजवू लागला. पाठोपाठ दुसऱ्याचा हात अर्ध्यावर जाऊन टोपी सारखी करून परतला. आण्णा सतरंजीचा दोरा उसवीत बसले.

“अरे, काय झालं रे?” दौलतराव म्हणाले. “हात मोडले काय सगळ्यांचे?”

एकही हात वर गेला नाही.

प्रणोतीचा खांदा भरून आला होता. तिने हात तसाच ठेवला.

“ऱ्हाऊ द्या,” अखेरीस दौलतराव उठत म्हणाले. “विषय पुढच्या सभेला.”

*

दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधीच ती वर्गात हजर होती. झाले ते सगळे तिने एका दमात सांगितले.

“टेकडी अजून वाचलेली नाही, हे कळतं मला,” ती म्हणाली. “पण आता पुढच्या सभेला बघाच तुम्ही, सर. सगळं गाव आणते. बायकांना कुठं बसवायचं, कुणी काय बोलायचं, सगळं लिहून काढलंय मी.”

सर खडू निवडीत होते.

“आणू नकोस,” ते म्हणाले.

“काय?”

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले.

“म्हणजे? काल तर तुम्हीच मला… सर, मी आणलं नाही, तर येणार कोण? त्यांना यातलं काय कळतं?”

एव्हाना वर्ग भरला होता. तेवढ्यात बाहेर वडापची जीप थांबली. जिन्यावर चपलांचा आवाज झाला. शिपायाचा आवाज मागून आला, “अहो मावशी, असं वर जाता येत नाही!” आणि दारात हौसाकाकू उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या पाच-सात बायका.

“घोलपाच्या पोरीच्या मास्तराचा वर्ग ह्योच का?”

प्रणोती उठून उभी राहिली. “काकू? तुम्ही इथं कशा? मी तर बोलावलं नव्हतं…”

“तू कोन बोलावनारी?” काकूंनी चपला दाराबाहेर काढल्या. “ग्रामसेवकानं सांगितलं समदं, ही अर्दंच वाचती आन् समद्या गावाला नाचिवती. फुडलं काय लिवलंय, त्ये आमाला आमच्या कानानं ऐकायचंय. मास्तर, सांगताय न्हवं?”

मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “मावशी, इथं बसायला ॲडमिशन लागते!”

“लागू दे की. झरा आटला, मंजी तू येनार हाईस व्हय रं, पानी घालाया?”

वर्ग हसला. तो मुलगाही हसला.

शिपाई धापा टाकीत दारात आला. “सर, बाहेरच्या लोकांना बसू द्यायचं नाही, प्राचार्यांचा नियम आहे. काय सांगू त्यांना?”

सरांनी शिपायाकडे पाहिले. मग खडू टेबलावर ठेवला आणि पहिल्या बाकापाशी आले. त्या बाकावर प्रणोती नेहमी एकटीच बसे. वह्या, पुस्तके आणि पिशवी मांडून तिने तो दोन्ही टोकांपर्यंत भरलेला होता.

“सरक,” ते म्हणाले.