समुद्राचं होतं, सोडलं

“पोरगी अबोल आहे ते बरंच झालं. बोलकी असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा असाच आहे का म्हणून.”

सासूबाई मागच्या दारी शेजारच्या शेवंतीकाकूंना सांगत होत्या. मी आत बांगडे साफ करत होते. ऐकलं आणि गप्प राहिले. म्हणजे त्यांचंच खरं ठरलं.

तर समुद्राला लागून एक गाव होतं आणि त्यात एक भोळा नवरा होता. गाव माझं सासर. नवरा माझाच. नाव जनार्दन. सांगाल तेवढं करणार, सांगाल तसंच करणार.

गावात पाणी नजर पोचेल तिथवर, पण प्यायला नाही. होळी झाली की विहिरी खारट. मग आम्ही बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावर, एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर. यंदा तालुक्याहून यंत्र आलं. ते समुद्राचं पाणी आत घ्यायचं. एका नळीतून गोडं सोडायचं, दुसरीतून उरलेलं, आणखी खारट. महिनाभर नीट चाललं तर यंत्र कायमचं गावाचं. नाहीतर परत. सरपंच तांडेलभाऊंनी ते ह्यांच्या हाती दिलं. का, तर हा माणूस स्वतःचं डोकं चालवत नाही.

यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक सांगून गेला, पहिलं पाणी ओतून टाकायचं. ह्यांनी प्रत्येकीचा पहिला हंडा ओतला. दुसरा भरून दिला. तिसऱ्या दिवशी शेवंतीकाकू लांबूनच ओरडत आल्या, माझा हा दुसरा आहे.

तांडेलभाऊ चिडले. म्हणाले, थेंब न् थेंब साठवायचा. ह्यांनी खारट नळीचेही थेंब साठवले. पिंपं भरली, मासळीचे टब भरले, देवळातली प्रसादाची काहीलही भरली. सासूबाईंनी त्यातल्या पाण्याची आमटी केली. नणंदेच्या सासरची माणसं जेवायला होती. त्यांनी ताक मागून घेतलं आणि लवकर निघाली.

मेकॅनिकला फोन गेला. तो म्हणाला, अहो, ते समुद्राचं पाणी. जिथून घेतलं तिथे नेऊन सोडा. हे छातीभर पाण्यात उतरले आणि यंत्राची नळी जिथून पाणी ओढते, नेमकं तिथेच सोडून आले. यंत्राने आपलंच उष्टं चार तास प्यायलं आणि बंद पडलं. दोन दिवस आम्ही पुन्हा झऱ्यावर.

महिना भरत आला. शुक्रवारी तालुक्याचे साहेब तपासायला येणार होते. यंत्राचं गोडं पाणी साठायची टाकी काठोकाठ दिसली पाहिजे, म्हणून चार दिवस कुणी थेंबही प्यायचा नाही असं पंचायतीत ठरलं. म्हणजे यंत्र शाबूत, टाकी भरलेली, आणि आम्ही झऱ्यावर. ह्याला मात्र कोणी भोळेपणा म्हटलं नाही.

साहेब आले. पेलाभर प्यायले. खूश झाले.

“हे सगळं समुद्राचं पाणी?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“हो साहेब. सगळं समुद्राचंच.”

साहेब तांडेलभाऊंकडे सुरमई खायला गेले. हे टाकीजवळ उभे राहून विचारात पडले. मग गेले आणि खालचा कॉक उघडला.

मी हंडे घेऊन झऱ्यावरून परतत होते, तर वाळूतून गोड्या पाण्याचा ओढा समुद्राकडे चाललेला. दोन कुत्री पीत होती. चार दिवसांत टाकीतलं पाणी गावातल्या तेवढ्यांनीच प्यायलं.

साहेब हात पुसत आले. टाकी वाजवून पाहिली. ह्यांना विचारलं, पाणी कुठे गेलं?

“समुद्राचं होतं. जिथून घेतलं तिथे सोडलं.”

साहेबांनी कागदावर लिहिलं की या गावाला पाण्याची गरज दिसत नाही. बरोबरच्या माणसांना यंत्र खोलायला पाने-पकडी आणायला सांगितलं. टेम्पो यंत्राजवळ आणून लावला. तांडेलभाऊ समुद्राकडे बघत राहिले. सासूबाई शेवंतीकाकूंच्या कानाशी लागल्या, नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय.

मी दोन्ही हंडे खाली ठेवले.

“आई, तांडेलभाऊ, आजवर ह्यांनी तुमचा एक शब्द खाली पडू दिला नाही. आता माझा ऐकतील. अहो, त्या यंत्रावर चढून बसा. मी उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही.”