बाळंतिणीच्या खोलीतली लाकडी जमीन

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या माणसाला नुसत्या हाकेवर बोलवावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. करंजखोल गाव तेव्हा अगदी पाण्याच्या कडेला होतं. पावसाळा लागला की घराघरातल्या सारवलेल्या जमिनीला ओल सुटायची. धडधाकट माणसं ती सोसायची, बाळंतिणींना मात्र हुडहुडी भरायची आणि तान्ही पोरं निळी पडायची.

धाकू मेस्त्री हा गावचा सुतार. त्याची बायको सगुणा अशाच ओल्या जमिनीवर बाळंत झाली आणि बाळापाठोपाठ तीही गेली. मग काही दिवसांनी एका सकाळी धाकू गावाचा कारभार बघणाऱ्या गावकारांच्या ओसरीवर येऊन बसला.

"आबा, गावच्या बाळंतिणींसाठी एक खोली बांधू," तो म्हणाला. "उंच जोतं, तुळया आणि वर लाकडाची जमीन. हात माझे, लाकूड गावाचं."

बाबल गावकारांच्या सुनेला, मंजुळेला, तेव्हा दिवस गेले होते. त्यांनी लगेच होकार दिला.

वाळवून ठेवलेले किंजळीचे ओंडके खाडीपलीकडे कापायला दिले. पण कापणाऱ्यांच्या दोन जोड्या, दोन्हींच्या करवती निराळ्या. फळ्या होडीतून आल्या तेव्हा एक जाड, दुसरी पातळ, तिसरी मधेच फुगलेली. दोन फळ्या शेजारी ठेवल्या तर नख अडकेल एवढी पायरी पडायची. धाकूने होडीतच एका फळीवर हात फिरवला.

गावकार म्हणाले, "ठोकून घे. वर-खाली राहील ते मागाहून रंध्याने काढ."

"मागाहून काय काढणार, आबा? पातळ फळी तुळईवर टेकणारच नाही. पाय पडला की हलेल, सांधे उघडतील आणि खालची ओल वर येईल."

"आणि पाऊस आधी आला तर?"

धाकू फळ्या उचलून भिंती आणि छप्पर उभं राहिलेल्या खोलीत नेऊ लागला.

आधी त्याने फळ्या तिथल्याच हवेला मुरू दिल्या, मधे काठ्या घालून, वारा खेळेल अशा. मग तो एकेक फळी मांडीवर घेऊन डोळे मिटायचा आणि तळहाताने जाडी पाहायचा. असं म्हणतात, फळी त्याच्या हाताशी बोलायची. गावातल्या बाया दारातून बघायच्या. त्याच्या मनात मात्र एकच असायचं, इथे कुणाचीतरी पाठ टेकणार आहे.

जाड फळ्या एका बाजूला, पातळ दुसऱ्या बाजूला, वाकड्या तिसऱ्या बाजूला. जाड फळी जिथे तुळईवर बसणार तिथे तो ती खालून तासायचा. पातळ फळीखाली बांबूची चपटी कामटी सरकवायचा. वाकड्या तुकडे करून भिंतीच्या कडेला. वरची बाजू मात्र सगळीकडे एका पातळीत. शेजाऱ्यांनी रंध्याची सालपटं फेकायला उचलली, तर त्याने ती पोत्यात भरून आढ्याला टांगायला लावली.

शेवटची फळी बसली त्याच दुपारी आभाळ फुटलं.

खाडी घराघरात शिरली. चुली विझल्या, सरपण भिजलं. मंजुळेला कळा सुरू झाल्या तेव्हा गावकारांनी स्वतः तिला पाण्यातून उचलून खोलीत आणलं. रखमा सुईण दारातच म्हणाली, "शेक द्यायला सुकं लाकूड कुठे आहे?" धाकूने आढ्याचं पोतं सोडलं. सालपटं शेगडीत पडली आणि भुरुभुरु पेटली.

पाणी चढत चढत तुळयांना लागलं. धाकू बाहेर जोत्यालगत कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि तुळईवर हात ठेवून होता. फळ्यांनी एकमेकींना मुठीसारखं आवळून धरलं, असं म्हणतात. कुणी सांगतं, पाण्याबरोबर सगळी जमीन होडीसारखी वीतभर वर उचलली गेली आणि पुन्हा अलगद टेकली. खरं काय ते धाकू, गावकार, रखमा आणि मंजुळा या चौघांनाच ठाऊक. पण आत थेंब आला नाही. मग पोरीचं रडणं उठलं, ते खाडीपलीकडच्या लोकांनीही ऐकलं म्हणतात.

गावकार बाहेर आले. "धाकू, मी घाई करत होतो," एवढंच ते म्हणाले.

"आत जा आबा, गारठाल," धाकू म्हणाला, आणि सगुणेनंतर पहिल्यांदाच तो माणसांत मोकळेपणी रडला.

पुढे गाव वरच्या टेकाडावर गेलं. ती खोली आता नाही. धाकू कधी गेला तेही कुणाला नीट सांगता येत नाही. पण करंजखोलात आजही कुणाचं घर बांधायला निघो की होडी, रंध्याची पहिली सालपटं घरधनी स्वतः पोत्यात भरतो आणि गावात जिथे कुणी बाळंत झाली असेल तिथे नेऊन देतो. आत कुणी जात नाही. दाराशी पोतं ठेवून म्हणायचं, "धाकूची ऊब आणली आहे." मग आतून बाळंतीण उत्तर देते, "पोचली."